जेआयटी कोडला प्रोफायलर बरोबर नाव देतो का, हे तपासायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जळगावातल्या तुमच्या छोट्या टीमनं लिनक्ससाठी स्वतःचा सॅम्पलिंग प्रोफायलर लिहिलाय; सेकंदाला ठरावीक वेळा तो प्रोग्राममध्ये डोकावतो आणि त्या क्षणी कुठलं फंक्शन चालू आहे ते टिपतो (अशी प्रत्येक टिपणी म्हणजे एक सॅम्पल). प्रोग्राम चालू असतानाच मशीन कोड तयार करणारे जे जेआयटी कंपायलर असतात, त्यांचा कोड ओळखायची सोय त्यात नुकतीच केली. कुठल्या पत्त्यावर कुठलं फंक्शन आहे हे सांगणाऱ्या दोन तऱ्हेच्या फाइली, पर्फ-मॅप आणि जिटडंप, वाचता येतात, टेस्ट सगळ्या पास. पण धरणगावकडच्या एका जिनिंगच्या जावा सर्व्हरवर, जिथून काट्याची पावती आणि शेतकऱ्याची पट्टी निघते, तिथं प्रोफायलर लावला की निम्म्या सॅम्पलवर 'अनोळखी' येतं. उरलेल्यांतलीही काही नावं पटत नाहीत. रात्री दिवसाचा हिशेब बंद करणारं फंक्शन भर दुपारी, काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना, सगळ्यात वर दिसतं. टेस्टमध्ये काय कमी पडतंय, असं तुम्ही विचारलंय.

मला त्या निम्म्या 'अनोळखी'पेक्षा दुपारी दिसणाऱ्या रात्रीच्या फंक्शनची काळजी जास्त वाटते. 'अनोळखी' दिसलं की माणूस थांबतो, कारण शोधतो. चुकीचं नाव ठामपणे छापून आलं की तुमच्याच टीममधलं कोणीतरी ते फंक्शन सुधारायला बसतं, आठवडा घालवतं आणि सर्व्हर तसाच हळू राहतो. म्हणून जेआयटीची टेस्ट लिहिताना पहिला प्रश्न 'नाव आलं का' हा ठेवू नका. 'आलेलं नाव खरं आहे का, आणि ते मला दुसऱ्या कुठल्या वाटेनं ठाऊक आहे का' असा ठेवा. तुमच्या आत्ताच्या टेस्ट पहिल्याच प्रश्नावर थांबतात. रिपोर्टमध्ये फंक्शनचं नाव सापडलं की टेस्ट पास.

आता तुमच्या सर्व्हरचं. तुम्ही लिहिलंय की सकाळी सर्व्हर सुरू झाला की चालू जावा प्रोसेसला आज्ञा देणाऱ्या जेसीएमडी या टूलच्या 'कंपायलर.पर्फमॅप' या कमांडनं मॅप काढता आणि दिवसभर तोच वापरता. ही कमांड जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १७ पासून आहे आणि ती चांगली आहे, पण ती त्या क्षणाचा फोटो काढते. हॉटस्पॉट (जावाचं नेहमीचं व्हर्च्युअल मशीन) एकच मेथड, म्हणजे जावातलं फंक्शन, अनेकदा कंपाइल करतो. आधी कंपाइल न करताच चालवणारा इंटरप्रिटर, मग पटकन कंपाइल करणारा सी-१, ती मेथड खूप चालली तर जास्त मेहनत घेणारा सी-२, आणि दर वेळी कोडचा पत्ता नवा. सी-२ नं धरलेलं एखादं गृहीतक मोडलं, समजा नवा क्लास लोड झाला, तर तो कोड रद्द होतो आणि मेथड पुन्हा खालून वर चढते. रद्द झालेला कोड कालांतरानं कोड कॅशमधून, म्हणजे कंपाइल झालेला कोड ठेवायच्या जागेतून, काढला जातो आणि त्याच जागेवर भलताच कोड येऊन बसतो. सकाळच्या मॅपमध्ये नसलेला पत्ता दुपारी आला तर 'अनोळखी'. आणि मॅपमध्ये असलेल्या पत्त्यावर दुपारी दुसरंच कोणी बसलेलं असेल तर चुकीचं नाव. तुमची दोन्ही लक्षणं या एकाच कारणातून येऊ शकतात.

आपल्याकडच्या आठवडे बाजारासारखंच आहे हे. जागा तीच, पण शनिवारी तिथं भांडीवाला असतो आणि बुधवारी मिरचीवाला. वार न सांगता 'इथं कोण बसतं' असं विचारलं तर उत्तर खरं की खोटं हे ठरवताच येत नाही. पर्फ-मॅपच्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी असतात: सुरुवातीचा पत्ता, लांबी आणि नाव. वेळ नसते. जिटडंपमध्ये प्रत्येक नोंदीला वेळ असते, आणि तो काढला गेला तो याचसाठी.

टेस्टची सुरुवात जावापासून करू नका. जावात इतक्या गोष्टी एकदम हलतात की टेस्ट फेल झाली तर दोष कोणाचा हे कळत नाही. आधी सी मध्ये पन्नासेक ओळींचा खोटा जेआयटी लिहा. एममॅप या सिस्टिम कॉलनं मेमरी मागा, तिच्यात हातानं मशीन कोडचे बाइट्स लिहा, एक्झिक्यूटची परवानगी द्या आणि त्यावर उडी मारा. कोड अगदी साधा: रजिस्टरमध्ये आकडा भरायचा, एकेक कमी करत शून्यापर्यंत यायचं, परतायचं. अशी दोन फंक्शन बनवा. 'मोठं' हे 'लहान'च्या तिप्पट फेऱ्या मारेल आणि दोघांना आळीपाळीनं सारख्याच वेळा बोलावलं जाईल. आता खरं उत्तर प्रोफायलर लावायच्या आधीच तुमच्या हातात आहे: ७५ आणि २५.

इथं सहनमर्यादा मनानं ठरवू नका, गणितानं ठरवा. सेकंदाला ९९ सॅम्पल, ३० सेकंद, एक कोअर, म्हणजे २९७० सॅम्पल. ७५ टक्के अपेक्षा असताना प्रमाण विचलन साधारण २४ सॅम्पलचं येतं, म्हणजे ०.८ टक्का. त्याच्या तिप्पट धरलं तर ७५ च्या वरखाली अडीच टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोग असू शकतो. त्याबाहेर गेला तर शोध घ्यायचा. पुष्कळ जण दहा टक्क्यांची ढील देतात. तेवढ्या ढिलीत खरा बग आरामात लपतो. ९९ चा आकडा मुद्दाम आहे. १०० घेतला तर प्रोग्राममधल्या टायमरशी किंवा त्या आळीपाळीच्या तालाशी सॅम्पलची पावलं जुळू शकतात आणि एकच बाजू पुनःपुन्हा पकडली जाते. आणि मोजायचं ते प्रमाण. सेकंद मोजू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा लॅपटॉप तापून प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. सेकंदांवर बेतलेली टेस्ट त्या दिवसांत उगाच फेल होईल. ७५-२५ तसंच राहील, कारण वेग दोन्ही फंक्शनांना सारखाच लागू होतो.

हे बसलं की मुख्य टेस्ट, आणि माझ्या मते तुमच्याकडे नसलेली सगळ्यात महत्त्वाची. त्याच खोट्या जेआयटीत एका पत्त्यावर 'अ' फंक्शन लिहा आणि वीस सेकंद चालवा. मग त्याच पत्त्यावर 'ब' चे बाइट्स लिहा आणि दहा सेकंद चालवा. अपेक्षा दोनास एक. जिटडंप वापरताना प्रोफायलरनं बरोबर ६७ आणि ३३ दाखवायलाच हवं. पर्फ-मॅप वापरताना त्याला हे जमणार नाही, आणि नेमकं तिथं तो काय करतो ते टेस्टनं तपासायचं. शेवटची ओळ खरी मानून सगळी सॅम्पल 'ब' ला दिली तर टेस्ट फेल. पहिली मानली तरी फेल. एकाच पत्त्यावर दोन नावं सांगितली गेली आहेत, हे ओळखून ती सॅम्पल 'संदिग्ध' म्हणून वेगळी मोजली तर पास. हा तिसरा रकाना तुमच्या रिपोर्टमध्ये आज नाही. तो घाला. वापरणाऱ्याला 'ओळखलं इतकं, संदिग्ध इतकं, अनोळखी इतकं' हे वरच्याच ओळीत दिसू द्या.

दोनास एक का, सारखंच का नाही? सारखं असेल तर 'अ' आणि 'ब' ची अदलाबदल झाली तरी आकडे तेच येतात आणि बग निसटतो. टेस्टमधले आकडे नेहमी असे निवडा की चूक झाली तर ती आकड्यात दिसलीच पाहिजे.

जिटडंपच्या वेळेचं एक सांगतो, इथं पुष्कळ जण अडकतात. डंपमधली वेळ आणि सॅम्पलवरची वेळ एकाच घड्याळाची हवी. लिनक्सच्या पर्फ या प्रोफायलरमध्ये रेकॉर्ड करताना त्यासाठी मोनोटॉनिक (कधीच मागं न जाणारं) घड्याळ निवडावं लागतं. ते विसरलं तर दोन घड्याळांत फरक पडतो आणि 'हा कोड या वेळी इथं होता का' याचं उत्तर भलतंच येतं. तुमच्या प्रोफायलरसाठी अशी टेस्ट लिहा की डंपमधल्या सगळ्या वेळा मुद्दाम एक तास पुढे सरकवलेल्या आहेत. प्रोफायलरनं 'घड्याळं जुळत नाहीत' असं स्वच्छ सांगायला हवं. त्यानं गुपचूप 'अनोळखी' छापलं तर वापरणारा बिचारा दिवसभर चुकीच्या जागी शोधत बसेल.

फाइलच्या रचनेवरही थोडा वेळ द्या. जिटडंपचं हेडर ४० बाइटचं आहे. त्यातल्या पहिल्या चार बाइटांच्या खुणेवरून बाइट कुठल्या क्रमानं लिहिलेत हे कळतं. पुढं प्रत्येक नोंदीला १६ बाइटचं छोटं हेडर: प्रकार, एकूण लांबी, वेळ. कोड लोड झाल्याच्या नोंदीत नावानंतर प्रत्यक्ष मशीन कोडचे बाइटसुद्धा असतात. ओळ क्रमांकांची नोंद तिच्या कोडच्या नोंदीच्या आधी यावी लागते. आता सर्व्हर मध्येच मारला गेला किंवा वीज गेली तर फाइल नोंदीच्या अर्ध्यावर तुटते, आणि आपल्या भागात वीज जाणं काही नवलाचं नाही. चांगली फाइल घ्या, ती शेवटून एकेक बाइट कमी करत प्रत्येक लांबीला वाचून बघा. कुठल्याही लांबीला प्रोफायलर कोसळता कामा नये, आणि तुटण्याआधीच्या पूर्ण नोंदी टाकून देताही कामा नये. छोट्या फाइलवर ही टेस्ट काही सेकंदांत होते.

पर्फ-मॅप ही साधी टेक्स्ट फाइल असल्यामुळे तिच्यात वेगळेच त्रास. नावात स्पेस असू शकते, तेव्हा तिसऱ्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं नाव. जेआयटी अजून लिहीत असतानाच तुम्ही वाचलंत तर शेवटची ओळ अर्धी मिळते. लांबी शून्य असलेली ओळ येऊ शकते, एकमेकांवर चढलेल्या दोन ओळी येऊ शकतात. जावाच्या सिग्नेचरमध्ये (मेथडच्या पॅरामीटरांच्या वर्णनात) अर्धविराम असतात, आणि फ्लेम ग्राफ या चित्रासाठी स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं ती साखळी, एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीत फ्रेम (साखळीतल्या कड्या) वेगळ्या करायला अर्धविरामच वापरतात. एक फ्रेम तुटून दोन झाल्या तर नवल नको. आणि एक टेस्ट देवनागरी नावाची ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचं नाव 'वजन' ठेवता येतं, मराठी मुलं ठेवतातही. रिपोर्टमध्ये ते 'वजन' म्हणूनच यायला हवं.

खोट्या जेआयटीवर सगळं पास झालं की खऱ्यावर या. इथं माझी पहिली पसंती पोस्टग्रेस या डेटाबेसला आहे. आवृत्ती ११ मध्ये, २०१८ साली, त्यात एलएलव्हीएम या कंपायलर लायब्ररीवर चालणारा जेआयटी आला आणि १२ पासून तो मुळातच चालू असतो. क्वेरी महाग असेल तेव्हाच तो कंपाइल करतो. त्याची किंमतमर्यादा मुळात १,००,००० आहे. टेस्टसाठी 'जिट_अबव्ह_कॉस्ट' शून्य करा, म्हणजे बारीक क्वेरीही कंपाइल होईल. 'जिट_प्रोफायलिंग_सपोर्ट' मात्र सुपरयूजरनं सेशन सुरू होतानाच चालू करायचं असतं, आणि त्याच्या फाइली होम फोल्डरमधल्या 'डॉट डीबग'खाली साठत जातात. त्या तुम्हालाच साफ कराव्या लागतात. पोस्टग्रेस यासाठी उत्तम का, तर तो क्वेरीपुरता कोड बनवतो आणि क्वेरी संपली की टाकून देतो. एकाच कनेक्शनवर दोन वेगळ्या क्वेरी आलटून पालटून हजार वेळा चालवा, पत्त्यांचा पुनर्वापर तुमच्या टेबलावर घडताना दिसेल. जो प्रकार धरणगावला हंगामभर चालणाऱ्या सर्व्हरवर कधीतरी घडतो, तो इथं मिनिटभरात मिळतो.

जावात तेच घडवायचं तर कोड कॅश मुद्दाम लहान करा. टियर्ड, म्हणजे सी-१, सी-२ अशा पायऱ्यांच्या, कंपायलेशनसह ६४ बिटवर त्याची राखीव जागा मुळात २४० एमबी असते. ती 'रिझर्व्ह्ड कोड कॅश साइझ'नं कमी केली की जुना कोड लवकर बाहेर पडतो. साक्षीदार म्हणून 'प्रिंट कंपायलेशन'चा लॉग जवळ ठेवा. कुठली मेथड कधी, कुठल्या स्तरावर कंपाइल झाली आणि कधी रद्द झाली ते त्यात असतं. तुमच्या रिपोर्टचं आणि या लॉगचं भांडण झालं तर लॉगवर विश्वास ठेवा. सुरुवातीच्या काही सेकंदांत 'इंटरप्रिटर' या एकाच नावाखाली पुष्कळ सॅम्पल पडतील. तो बग नाही. इंटरप्रिटर चालवत असलेल्या मेथडचं नाव पर्फ-मॅपमध्ये नसतंच.

इनलायनिंगचं मात्र नीट समजून घ्या. पट्टी काढणारी मेथड आतल्या कटती मोजणाऱ्या मेथडला बोलावते, आणि सी-२ आतली मेथड बाहेरचीत मुरवून टाकतो. पर्फ-मॅपमध्ये मग फक्त बाहेरचं नाव उरतं. आकडे खरे असतात, पण काम नेमकं कोणाचं ते दिसत नाही. तुम्हाला न पटलेल्या नावांत काही या जातीची असणार. एकदा इनलायनिंग बंद करून चालवा आणि दोन रिपोर्ट शेजारी ठेवा; जी मेथड एकदम नव्यानं वर येते ती आधी मुरलेली होती. कायमचा उपाय हवा असेल तर जेव्हीएमटीआय या जावाच्या टूलसाठी असलेल्या इंटरफेसमधून मेथड लोड झाल्याची घटना ऐका, तिच्यासोबत इनलायनिंगची माहिती मिळू शकते. 'डीबग नॉन सेफपॉइंट्स' चालू केलं नाही तर ही माहिती सेफपॉइंटांपुरतीच, म्हणजे जिथं थ्रेड सुरक्षितपणे थांबवता येतो त्या जागांपुरतीच, असते आणि ओळी सरकलेल्या दिसतात.

याच संदर्भात एक जुनं काम सांगण्यासारखं आहे. २०१० मध्ये टॉड मिटकोविच, अमेर दिवाण, मथियास हॉसविर्थ आणि पीटर स्वीनी यांनी त्या वेळी सर्रास वापरले जाणारे चार जावा प्रोफायलर तपासले. एकाच प्रोग्रामसाठी ते चौघे एकमेकांशी जुळत नव्हते. कारण ते सेफपॉइंटवरच सॅम्पल घेत, आणि सेफपॉइंट कुठं पडेल हे कंपायलर ठरवतो. त्यांची तपासायची रीत मला फार मोलाची वाटते: एका मेथडमध्ये मुद्दाम जास्तीचं काम घालायचं आणि प्रोफायलरमध्ये त्याच मेथडचा वाटा तेवढाच वाढतो का ते बघायचं. खरं उत्तर ठाऊक नसलेल्या मोठ्या प्रोग्रामवरसुद्धा ही टेस्ट चालते. तुमच्या पट्टीच्या मेथडमध्ये ठरावीक फेऱ्यांचं रिकामं लूप घाला, फेऱ्या दुप्पट करा, चौपट करा. वाटा त्या मानानं चढला पाहिजे. लूपचं उत्तर कुठंतरी वापरा मात्र, नाहीतर कंपायलर ते लूपच उडवून देईल.

स्टॅकबद्दल. हॉटस्पॉट फ्रेम पॉइंटरचं, म्हणजे आधीच्या फ्रेमकडे नेणारं, रजिस्टर इतर कामाला वापरतो, त्यामुळे बोलावणाऱ्यांची साखळी तुटते. जेडीके ८ च्या ६० व्या अपडेटपासून 'प्रिझर्व्ह फ्रेम पॉइंटर' हा पर्याय आहे, तो लावा. ड्वार्फ या डीबग माहितीवरून साखळी काढायचा विचार असेल तर जेआयटी कोडसाठी ती माहिती आयती नसते. जिटडंपमध्ये अनवाइंडिंगची (साखळी उलगडण्याची) वेगळी नोंद आहे, पण जेआयटीनं ती लिहिली असेल तरच. टेस्ट अशी ठेवा: सी मधून जेआयटी, जेआयटीमधून पुन्हा सी, अशी ठरलेल्या खोलीची साखळी. प्रत्येक सॅम्पलची साखळी अपेक्षित क्रमाशी ताडून बघा. फंक्शनच्या पहिल्या एकदोन सूचनांवर पडलेल्या सॅम्पलमध्ये एक फ्रेम गाळली जाते, कारण तेव्हा फ्रेम अजून उभी राहिलेली नसते. तेवढी गळती मान्य करा. साखळीत कधीच नसलेलं नाव एकदाही आलं तर मात्र टेस्ट फेल. खोल रिकर्शनची टेस्ट लिहिताना कर्नलची मूळ मर्यादा १२७ फ्रेमची आहे हे लक्षात ठेवा; तिथून पुढं कापलेली साखळी 'कापलेली' म्हणूनच दिसली पाहिजे.

तुमचा सर्व्हर कंटेनरमध्ये असेल तर 'अनोळखी'चं आणखी एक साधं कारण तपासा. कंटेनरच्या आत प्रोसेसचा क्रमांक वेगळा असतो आणि मॅपची फाइल आतल्या टेम्प फोल्डरमध्ये आतल्या क्रमांकानं पडते. बाहेरून बघणाऱ्यानं प्रोक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या 'रूट'मधून आत जायचं आणि 'स्टेटस' फाइलमधल्या एनएसपीआयडीच्या ओळीतला शेवटचा क्रमांक वापरायचा. फाइलचा मालकही बघा. पर्फ दुसऱ्याच्या मालकीची मॅप फाइल नाकारतो आणि ते योग्यच आहे, कारण टेम्पमध्ये कोणीही काहीही लिहू शकतं. तुमच्या प्रोफायलरनंही नाकारावी, फक्त का नाकारली ते सांगावं.

नोड आणि पायथन नंतर घ्या. नोडमध्ये व्ही-८ या जावास्क्रिप्ट इंजिनाचा गार्बेज कलेक्टर कोड हलवू शकतो आणि मॅपची फाइल वाढतच जाते, तेव्हा डिस्क भरल्यावर काय होतं ते एकदा बघून ठेवा. पायथन ३.१२ मध्ये पर्फसाठी प्रत्येक फंक्शनला छोटा ट्रॅम्पोलिन (मध्ये ठेवलेला कोडचा तुकडा) मिळतो, ३.१३ मध्ये जिटडंपचीही सोय आली. तुमचा वाचणारा भाग घट्ट झाला असेल तर तिथं फार वेळ जाणार नाही.

रोज रात्री आपोआप चालणाऱ्या टेस्टसाठी भाड्याचं व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर तिथं प्रोसेसरचे हार्डवेअर काउंटर बहुधा मिळत नाहीत. सॉफ्टवेअर घड्याळावर सॅम्पल घ्यावी लागतात. ७५-२५ ची टेस्ट त्यावरही चालेल. तरी एक जुना डेस्कटॉप ऑफिसात ठेवून खऱ्या काउंटरवर आठवड्यातून एकदा सगळं चालवा. आणि दर रात्री प्रोफायलरशिवाय आणि प्रोफायलरसह, आलटून पालटून, पट्टी काढायचा वेग मोजून ठेवा. मॅप लिहिण्याचा आणि फ्रेम पॉइंटर जपण्याचा भार सर्व्हरवर पडतोच, आणि जिनिंगवाल्यांना तो किती हे विचारायचा हक्क आहे.

कापसाचा हंगाम तोंडावर असेल तर एवढं या आठवड्यात करा: सकाळचा मॅप बंद करून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी असे दोन मॅप काढा. ज्या पत्त्याचं नाव दोन्हींत सारखं आहे तेवढंच छापा, जुळत नाही ते 'संदिग्ध'मध्ये टाका. रेकॉर्डिंग दोन मिनिटांच्या वर नेऊ नका. मध्येच येऊन गेलेला कोड यातूनही निसटेल, त्यामुळे हा तात्पुरता उपाय समजा. पक्का उपाय पर्फच्या सोर्समधल्या जेव्हीएमटीआय एजंटचा. तो सर्व्हर सुरू करतानाच लावावा लागतो आणि वेळेसकट जिटडंप लिहितो. त्यासाठी सर्व्हर एकदा बंद करावा लागेल, तेव्हा काटा बंद असलेली वेळ मालकांकडून आधीच मागून घ्या.